दीव पाहायचं तर सायकलवरून आणि पायी

सुरतेतल्या मराठी घरांना माझं एक सांगणं आहे. लिंबायतला राहत असा, उधन्याला, डिंडोलीला नाहीतर पांडेसऱ्याला, या थंडीत तीन-चार दिवस मोकळे काढा आणि घरच्यांना घेऊन दीवला जा. तिथे पोचल्यावर मात्र गाडीत बसू नका. गावात पायी फिरा, गावाबाहेर सायकल चालवा.

दीवचं नाव काढलं की आपल्याकडे लोकांना एकच गोष्ट आठवते. गुजरातेत दारूबंदी आहे, दीवमध्ये नाही. सुट्टी लागली की चार मित्र गाडी काढतात, नागोव्याच्या किनाऱ्यावर दोन रात्री पितात आणि परत येतात. किल्ल्याच्या दारापर्यंतही त्यांचं जाणं होत नाही. त्यांच्या गोष्टी ऐकून घरातली मोठी माणसं ठरवून टाकतात की ती जागा बायकापोरांना न्यायची नाही. हा त्या बेटावर मोठा अन्याय आहे, आणि त्यात नुकसान आपलं होतं. दीव हे शांत, स्वच्छ आणि चालायला सोपं बेट आहे. पूर्व-पश्चिम लांबी साधारण ११ किलोमीटर, क्षेत्रफळ जेमतेम ४० चौरस किलोमीटर. मोठे चढ नाहीत. दहा-बारा वर्षांचं मूल आणि पन्नाशीची आई एका सकाळी एकत्र सायकल चालवू शकतील असं ठिकाण आपल्या आवाक्यात दुसरं नाही.

आधी जायचं कसं ते सांगतो, कारण पुष्कळ जण तिथेच अडतात. सुरतेहून रस्त्याने जायचं म्हणजे खंभातच्या आखाताला पूर्ण वळसा. वराछाहून ऊना-दीवकडे रात्रीच्या खाजगी बस सुटतात. हिऱ्याच्या कारखान्यांत काम करणारी सौराष्ट्रातली माणसं याच बसने गावी जातात. म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीत यातून प्रवास करायचा विचारही करू नका. त्या दिवसांत जागा मिळत नाही आणि मिळाली तर भाडं परवडत नाही. देवदिवाळी उलटली की गर्दी ओसरते.

दुसरी वाट समुद्राची आणि मला तीच जास्त आवडते. नोव्हेंबर २०२० मध्ये हजिरा ते घोघा ही रो-पॅक्स फेरी सुरू झाली. रस्त्याने ३७० किलोमीटरचं अंतर समुद्रातून ९० किलोमीटरवर आलं आणि दहा-बारा तासांचा प्रवास चार तासांच्या आसपास. या जहाजात माणसांबरोबर मोटारी आणि ट्रकही चढतात. तुमची सायकल न्यायची असेल तर तिकीट काढतानाच विचारून घ्या. वेळापत्रक हवामानाप्रमाणे बदलतं, तेही आदल्या दिवशी पाहून घ्या. एक गोष्ट कळकळीने सांगतो, सुरतेहून हजिऱ्यापर्यंत सायकल चालवत जाऊ नका. तो रस्ता कारखान्यांच्या ट्रकांचा आहे. तिथवर टेम्पो करा. घोघ्याहून पुढे भावनगर, महुवा, राजुला, ऊना असं दीव जवळजवळ २०० किलोमीटर पडतं. ते अंतर बसने तोडायचं. पुढचं चाक काढून ठेवलं की सायकल खाजगी बसच्या डिकीत मावते. एवढा खटाटोप नको असेल तर दीवमध्ये भाड्याची सायकल घ्या. घेताना ब्रेक, हवा आणि चेन स्वतः तपासा आणि चार पावलं चालवून बघा, मगच पैसे द्या.

पहिला दिवस पायी. किल्ला सकाळी उघडला की आत शिरा, कारण दहानंतर दगड तापतो. तीन बाजूंनी समुद्र आहे आणि चौथ्या बाजूला खंदक. तटावर तोफा अजून आहेत, दीपस्तंभ आहे आणि समोर पाण्यात उभा असलेला पाणीकोठा हा छोटा किल्ला दिसतो. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढच्याच वर्षी, हुमायूनच्या स्वारीने कोंडीत सापडल्यावर, दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. वसईचा किल्ला तुम्ही पाहिला असेल तर दोन्हींचं नातं बुरुजांवरूनच कळेल. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. दीव मात्र पोर्तुगीजांकडे राहिलं ते थेट १९ डिसेंबर १९६१ पर्यंत.

पण सुरतकरांनी हा किल्ला पाहायचं खरं कारण निराळं आहे. १५३० मध्ये अंतोनियो द सिल्व्हेरा नावाच्या पोर्तुगीज सरदाराने सुरत आणि रांदेर जाळलं. त्याच सिल्व्हेराने १५३८ मध्ये तुर्की आरमार आणि गुजरातच्या फौजेच्या वेढ्यात दीवचा किल्ला लढवला. इकडे पोर्तुगीजांच्या या धाडींपासून बचाव म्हणून तापीकाठी चौक बाजारातला किल्ला उभा राहिला. तो बांधवून घेणारा खुदावंद खान, म्हणजेच ख्वाजा सफर, १५४६ मध्ये दीवला वेढा घालायला गेला आणि तिथेच तोफेच्या गोळ्याने मारला गेला. आपण रोज ज्या चौक बाजारातून ये-जा करतो तिथला किल्ला आणि हा किल्ला एकमेकांचे शत्रू म्हणून जन्मले. महापालिकेने सुरतेचा किल्ला दुरुस्त करून आत संग्रहालय केलं आहे. जाण्याआधीच्या रविवारी मुलांना तो दाखवा आणि मग दीवला न्या. शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांपलीकडे सुरतेच्या इतिहासाची ओळख आपल्या मुलांना शाळेत फारशी होत नाही. ती अशी होईल.

किल्ल्यातून निघालात की सेंट पॉल चर्च चालण्याच्या अंतरावर आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं बांधकाम आणि आतलं लाकडी कोरीव काम पाहण्यासारखं. तिथे आजही प्रार्थना होते, तेव्हा आवाज हळू ठेवा. सेंट थॉमसच्या जुन्या चर्चमध्ये संग्रहालय आहे. नंतर जुन्या गावाच्या गल्ल्यांत शिरा आणि ठरवून वाट चुका. रंगवलेल्या भिंती, कोरीव सज्जे, ओट्यावर बसलेल्या आज्या. आपल्या सुरतकरांना गुजराती येतं, ही इथे मोठी सोय आहे. 'केम छो' म्हणून बोलायला लागलात तर आफ्रिकेत मोझांबिकला गेलेले काका, लिस्बनला असलेला मुलगा, सगळ्यांच्या गोष्टी निघतात. गाडीच्या काचेआडून यातलं काहीही मिळत नाही. गल्ल्यांतून पश्चिमेकडे चालत राहिलात की गावाच्या तटाचा झांपा दरवाजा लागतो. तटाच्या बाहेर नायडा लेणी. लेणी म्हणतात, पण अजिंठ्यासारखी कोरलेली नव्हेत. किल्ल्यासाठी दगड काढता काढता झालेल्या या पोकळ्या आहेत, असं सांगतात. वरच्या भोकांतून ऊन आत उतरतं. आत पायाखाली बघून चाला, आणि भिंतींवर नावं कोरणाऱ्या पोरांना सरळ हटका.

दुसरा दिवस सायकलचा. सकाळी साडेसहाला निघा आणि दक्षिण किनाऱ्याचा रस्ता धरून पश्चिमेकडे जा.  जालंधरचा किनारा मागे टाकला की चक्रतीर्थाजवळ टेकाडावर 'आयएनएस खुकरी'चं स्मारक लागतं. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीने ही युद्धनौका दीवच्या समुद्रात बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. इथे सायकल लावा, मुलांना हे नीट सांगा आणि थोडा वेळ बसा. फोटो काढून पळण्याची ही जागा नाही.

फुदमला गंगेश्वर आहे. खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं, भरतीच्या लाटा त्यांना न्हाऊ घालतात. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून जा, ओल्या खडकावर पाय घसरतो. पुढे नागोवा, गावापासून सात-आठ किलोमीटर. वाटेत होकाची झाडं दिसतील. दिसायला ताडासारखी, पण खोडाला फाटे फुटलेली. ताडाला फांद्या असतात का, हा प्रश्न मुलं विचारतीलच. सायकलवरून उतरून त्यांना झाड जवळून बघू द्या.

बहुतेक लोक नागोव्याहून मागे फिरतात. तुम्ही फिरू नका. बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारा हे मच्छीमारांचं बंदर आहे. रंगीत होड्या, किनाऱ्यावर चाललेली होड्यांची बांधणी आणि दुरुस्ती, वाळत घातलेली मासळी. वास येतो, त्याला नाक मुरडू नका. ते त्यांचं कामाचं ठिकाण आहे, जसं लूमचं खातं आपलं. बायका मासळी निवडत असतील तर विचारल्याशिवाय मोबाईल रोखू नका. चहा प्या, तासभर बसा आणि ऊन चढायच्या आत परतीला लागा.

सोबत पाणी, टोपी, पंक्चरचं सामान, छोटा पंप आणि मागचा लाल दिवा हवाच. अंधार पडल्यावर सायकल चालवू नका, शनिवार-रविवारी तर नाहीच. रस्त्यावर पिऊन गाडी हाकणारे असतात. दारूबद्दलही सरळ सांगतो. तुम्ही घेत असाल तर तो तुमचा प्रश्न, पण घेतल्यावर सायकलला हात लावू नका आणि पाण्यात उतरू नका. दीवची हद्द ओलांडून बाटली आणणं हा गुन्हा आहे. चेकपोस्टवर कुटुंबासमोर ती वेळ येऊ देऊ नका. पावसाळ्यात मात्र हा बेत करूच नका. तेव्हा समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरायला मनाई असते आणि फेरीचाही भरवसा नसतो.

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर गाडीशिवाय फिरायची अशी लहान बेटं पुष्कळ आहेत. 'बा' नावाच्या बेटावर लोक बोटीतून उतरतात, धक्क्याजवळ सायकल भाड्याने घेतात आणि दिवसभर फिरतात. 'ब्रेआ' बेटावर मोटारींना बंदीच आहे, आणि २०२३ पासून उन्हाळ्यात रोज किती पाहुणे येऊ द्यायचे यालाही मर्यादा घातली. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही, माथेरानला आपण गाडी दस्तुरी नाक्यावर सोडून चालतोच. दीवला मात्र दोन पूल आहेत, एक घोघल्याकडून आणि एक ताडकडून, आणि गाड्यांना बंदी नाही. बेटावरच्या रस्त्यांत किती मोटारी घुसवायच्या हे तिथे पाहुण्यांनीच ठरवायचं आहे. स्वतःच्या गाडीने गेलात तरी ती मुक्कामाच्या ठिकाणी उभी करा आणि निघायच्या दिवशीच चावी फिरवा.

चालायचं भय आपल्या लोकांना कधीच नव्हतं. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडावर पायी जाणारी माणसं आपल्या घरात आहेत. सुरतेहून शिर्डीला साईंच्या पालखीबरोबर चालत जाणारी मंडळं गल्लोगल्ली आहेत. आखाजीला ताप्ती लाईनच्या गाडीत उभ्याने गावी जाणारे आपण, चार तास जहाजात बसायला कंटाळणार नाही. तेव्हा माझी विनंती या मंडळांनाच आहे. पालखी, गणपती, शिवजयंती आपण नेटाने करतो. त्याच वर्गणीच्या वहीत यंदा एक पान दीवच्या सहलीचं घाला. डिसेंबरचा मधला आठवडा निवडा, शनिवार-रविवार टाळा, वीस-पंचवीस जणांपेक्षा मोठा जथा करू नका, आणि मुलींची नावं आधी लिहा. सायकल येत नसेल त्यांना आतापासून रोज संध्याकाळी शिकवायला लागा. डिसेंबरपर्यंत येईल.