आम्ही सारे नामान

काही दिवसांपूर्वी रविवारची मिस्सा आटोपल्यावर आमच्या देवळाच्या आवारात चौघेजण बोलत उभे होते. विषय नेहमीचाच होता. लोकांची श्रद्धा थंडावली आहे. तरुण मंडळी देवळात येत नाहीत, आलीच तर मागच्या दाराशी उभी राहतात आणि ख्रिस्तप्रसाद होताच निघून जातात. रोगाचे निदान एकमताने झाले आणि मग उपायांची यादी सुरू झाली. एकाने सुचविले, बाहेरगावचा नामांकित प्रवचनकार आणून तीन दिवसांचे शिबिर भरवावे. दुसऱ्याने आजाऱ्यांसाठी मोठी प्रार्थनासभा घेण्याचा आग्रह धरला. तिसऱ्याने पवित्र भूमीच्या यात्रेचा विषय काढला. चौथ्याने खिशातून मोबाईल काढला, कोठल्याशा देशातील मूर्तीच्या डोळ्यांतून अश्रू वाहत असल्याचे दृश्य सर्वांना दाखविले आणि तो म्हणाला, "असे काही आपल्याकडे घडू द्या, मग बघा देऊळ कसे भरते ते!"

त्या चौघांतला तिसरा मी होतो. म्हणून पुढे जे कठोर लिहिणार आहे ते प्रथम मला लागू आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपली श्रद्धा थंडावली आहे ती देवाने अद्भुत कृत्ये करणे थांबविले म्हणून नव्हे. जे रोज घडते त्याला आपण अद्भुत मानीनासे झालो, हे तिचे कारण आहे. आणि या रोगावर आपण जो उपाय योजतो आहोत, म्हणजे अधिक मोठे, अधिक दूरचे, अधिक गाजलेले काही शोधणे, तो उपाय रोग वाढविणारा आहे.

जुन्या करारातील नामानाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. सिरियाच्या राजाचा हा सेनापती कुष्ठरोगाने पीडलेला होता. बरे होण्यासाठी तो घोडे, रथ, चांदी, सोने आणि दहा पोशाख घेऊन इस्राएलमध्ये अलीशा संदेष्ट्याच्या दारी आला. संदेष्टा बाहेरसुद्धा आला नाही. त्याने निरोप पाठविला की, यार्देन नदीत सात वेळा स्नान कर. नामान संतापला. संदेष्टा समोर येईल, देवाच्या नावाने धावा करील, रोगाच्या जागेवर हात फिरवील, असे त्याने मनाशी धरले होते. आणि नदीतच उतरायचे तर दमास्कसच्या नद्या काय वाईट होत्या? तो माघारी फिरला. तेव्हा त्याच्या सेवकांनी त्याला समजाविले की, संदेष्ट्याने काही अवघड सांगितले असते तर ते तुम्ही केले असते. मग एवढे सोपे का करीत नाही? नामान नदीत उतरला आणि बरा झाला.

ही कथा वाचताना आपण नामानाच्या अहंकारावर बोट ठेवतो आणि पुढे जातो. परंतु आपले वागणे त्याहून वेगळे आहे काय? हजारो मैलांचा प्रवास सांगा, आम्ही कर्ज काढून जाऊ. नऊ दिवसांची नव्हेना सांगा, रात्रभराचे जागरण सांगा, आम्ही करू. परंतु घरातील म्हाताऱ्या माणसाजवळ पाव तास शांत बसा, जेवणापूर्वीची प्रार्थना अर्थ मनात आणून म्हणा, ज्या भावाशी बांधावरून भांडण आहे त्याच्या घरी जा, असे सांगितले की आम्हाला ते अगदीच किरकोळ वाटते. यार्देनचे पाणी आमच्या अंगणातून वाहते आहे आणि आम्ही दमास्कसच्या नद्यांची वाखाणणी करीत बसलो आहोत.

प्रभू येशूने स्वतः नामानाचे उदाहरण दिले ते कोठे? लूककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात पाहा. स्वतःच्या गावी, नाझरेथच्या सभास्थानात. हा तर योसेफाचा मुलगा, असे गावकरी म्हणू लागले होते. कफर्णहूमात जे केले ते इथेही करून दाखव, अशी त्यांची अपेक्षा असल्याचे येशूने ओळखले आणि नामानाची आठवण करून दिली. परिणाम काय झाला? ज्यांच्या घरांची दारे त्याने कदाचित दुरुस्त केली असतील, त्याच शेजाऱ्यांनी त्याला गावाबाहेर काढून कड्यावरून लोटून देण्याचा प्रयत्न केला. ओळखीच्या माणसात देव भेटू शकतो, हे त्यांना मानवलेच नाही. आपल्या श्रद्धेच्या दुष्काळाचे मूळ मला या प्रसंगात दिसते.

येथे कोणी विचारील, मग चमत्कार खोटेच मानायचे काय? मुळीच नाही. परंतु या बाबतीत ख्रिस्तसभेचा संयम आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, हेही पाहावे. लूर्द येथे १८५८ साली बर्नाडेटला पवित्र मरियेचे दर्शन झाले. तेव्हापासून तेथे असंख्य आजारी गेले, हजारो लोकांनी आपण बरे झाल्याचे नोंदविले. डॉक्टरांच्या चौकशीनंतर आणि बिशपांच्या निर्णयानंतर अधिकृतपणे मान्य झालेल्या चमत्कारांपैकी २०१८ साली जाहीर झालेला चमत्कार हा सत्तरावा होता. एकशे साठ वर्षांत सत्तर! मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने अशा घटनांविषयी नवे नियम प्रसिद्ध केले. घटना अलौकिक असल्याचा निर्वाळा ख्रिस्तसभा सर्वसाधारणपणे यापुढे देणार नाही, असे त्यांत आहे. आपल्या मोबाईलवर मात्र आठवड्याला सात चमत्कार येतात आणि आपण ते न तपासता पुढे धाडतो. हे श्रद्धेचे लक्षण नव्हे. दारूची सवय लागलेल्याला जसा रोज एक पेला अधिक लागतो, तसा हा प्रकार आहे.

आता देवाच्या स्वतःच्या निवडीकडे पाहू. तो मानव झाला आणि सुमारे तीस वर्षे एका खेड्यात राहिला. त्या वर्षांतील एक बाराव्या वर्षीची यरुशलेमची हकीकत सोडली तर शुभवर्तमानांना सांगण्यासारखे काही सापडले नाही. सुतारकाम, पाणी भरणे, भाकरी, शब्बाथ, शेजार, एवढेच. जगाच्या तारणाचे कार्य तीन वर्षांचे होते आणि आधीची तीस वर्षे निव्वळ तयारीची होती, असे मानणारा मनुष्य देहधारणेचे रहस्य अर्धेच स्वीकारतो. शेवटच्या रात्री आपली आठवण ठेवण्यासाठी प्रभूने काय निवडले? गरिबांच्या ताटातली भाकर आणि जेवणातला द्राक्षारस. पुनरुत्थानानंतर एम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांनी त्याला ओळखले तेही त्याने भाकर मोडली तेव्हा. जो आपल्या घरच्या भाकरीकडे तुच्छतेने पाहतो, त्याला वेदीवरच्या भाकरीत काही दिसावे अशी अपेक्षा कशी करायची?

हे ज्यांना कळले त्यांनी फार दूरचा शोध घेतला नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबत होते. भांड्यांच्या गडबडीतही आपण देवासमोरच आहोत, याचा त्यांनी अभ्यास केला. लिझ्यूची संत तेरेझा १८९७ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी वारली. कपडे धुताना शेजारची धर्मभगिनी घाण पाण्याचे शिंतोडे तिच्या तोंडावर उडवी. ते सहन करणे हेच तिचे तप होते. या मुलीला १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या आचार्यपदी बसविले.

आणि आपल्याकडे? आमच्या वसईत पहाटेच्या गाडीने भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या घेऊन मुंबईला जाणाऱ्या बायकांच्या पिढ्याच्या पिढ्या झाल्या. गाडीच्या त्या गर्दीत त्यांच्या बोटांतून जपमाळेचे मणी सरकत असत. त्यांना श्रद्धेचे नूतनीकरण हा शब्द ठाऊक नव्हता. नवे कणीस हाती आले की ते आधी देवळात आशीर्वादासाठी न्यावे आणि मग घरात शिजवावे, हे त्यांना ठाऊक होते. त्या कणसात त्यांना पाऊस, माती, स्वतःचा घाम आणि देवाचा हात एकत्र दिसे. आपल्याला तांदूळ पिशवीतून मिळतो आणि त्यात आपल्याला फक्त भाव दिसतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. पोट भरलेल्या माणसाने भाकरीचे नवल करावे हे ठीक. ज्या आईचे मूल इस्पितळात आहे तिला हे सांगाल काय? सांगणार नाही. मी तिच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन जावे, एवढेच मला करता येईल. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायनिवाडा आठवा. तेथे विचारलेल्या गोष्टी अन्न, पाणी, वस्त्र, आसरा, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट अशा आहेत. सगळ्या रोजच्या. भाकर ही देणगी आहे असे ज्याला मनापासून वाटते, त्याला ती कोणाला मिळाली नाही हे विचारावेच लागते. जे नवल तिथवर पोहोचत नाही ते निव्वळ करमणूक आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. देव सगळीकडेच आहे तर देवळात कशाला जायचे? माझी वाडीच माझे देऊळ! असे म्हणणारे वाडीतही प्रार्थना करताना मला क्वचितच दिसले. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस यांच्याकडे कसे पाहावे हे ख्रिस्तसभा आपल्याला संस्कारांतून शिकविते. पाहायला देवळात शिकायचे आणि शिकलेले घरी आचरायचे. दोहोंपैकी एक सोडले की दुसरे निष्फळ होते.

नवल हरपल्याची किंमत केवळ मनाने मोजावी लागत नाही. आमच्या बागायती पट्ट्यातील बावखले पाहा. पूर्वजांनी हातांनी खणलेली ही तळी पावसाचे गोडे पाणी धरून ठेवीत, ते जमिनीत मुरे, विहिरी भरत आणि केळीच्या, पानवेलींच्या वाड्या जगत. समुद्राकाठच्या जमिनीत गोड्या पाण्याचा असा साठा असला की खारे पाणी आत शिरत नाही. अशी कितीतरी बावखले गेल्या काही दशकांत भराव टाकून बुजविली गेली आणि त्यांतली काही आपल्याच माणसांनी, घरात पवित्र पाण्याची बाटली भक्तिभावाने जपणाऱ्यांनी बुजविली. हिरव्या वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर उतरले तेव्हा, धर्मगुरूंनी या भानगडीत कशाला पडावे, असे विचारणारे आपल्यातच होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लौदातो सी' या परिपत्रकात सृष्टीची जपणूक हा श्रद्धेचाच भाग असल्याचे सांगितले. ज्या पाण्याने आपल्या लेकराचा स्नानसंस्कार झाला ते आभाळातून कोसळले नव्हते. ते याच मातीतले होते. हे ज्याला दिसते तो बावखलात मातीचा ट्रक रिकामा करू शकत नाही.

आता माझी कबुली. त्या रविवारी यात्रेची बोलणी करून मी घरी आलो. माझी आई तीन वर्षे अंथरुणाला खिळली आहे. तिची वाचा गेली आहे, माणसे ती क्वचित ओळखते. पत्नी तिला पेज भरवीत होती. पहिला चमचा ओठांजवळ आला तसा आईचा उजवा हात थरथरत वर गेला, कपाळाला लागला, छातीपर्यंत आला आणि तेथेच थकून पडला. मी पत्नीला विचारले, "हे आजच केले का तिने?" ती म्हणाली, "रोज करतात. तुम्ही या वेळी घरात कुठे असता?"

नाव विसरलेल्या, मुलगा विसरलेल्या त्या म्हातारीच्या हातात क्रूसाची खूण तेवढी शिल्लक राहिली होती, आणि प्रभूने भाकर मोडली ती जागा पाहण्यासाठी मी विमानाच्या तिकिटांची चौकशी करीत होतो.

यात्रेला जाऊ नये असे मी म्हणत नाही. शिबिरे, प्रार्थनासभा यांनी अनेकांना आधार दिला आहे, हे मी जाणतो. परंतु जो घरून आंधळा निघतो तो तेथेही फक्त छायाचित्रे काढून परत येतो. म्हणून धर्मगुरूंना विनंती आहे की, सणाच्या रोषणाईची आणि ध्वनिक्षेपकांची वर्गणी या वर्षी निम्मी मागावी आणि उरलेल्या वेळात घरोघर जाऊन आजाऱ्यांजवळ बसावे. कुटुंबप्रमुखांना विनंती आहे की, संध्याकाळची जपमाळ पुन्हा सुरू करावी आणि तेवढा वेळ सगळे मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावेत. तरुणांना उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. त्यांनी आपल्या आजीला तिच्या लहानपणीच्या विहिरीविषयी, पहाटेच्या गाडीविषयी एकदा विचारावे, इतकेच सांगतो.

यात्रेसाठी साठविलेले पैसे अजून बँकेत आहेत. त्यांचे काय करायचे ते आमच्या घरात ठरलेले नाही. आईला सकाळची पेज भरविण्याचे काम मात्र मी पत्नीकडून मागून घेतले आहे. पहिल्या दिवशी मी घाई केली आणि पेज तिच्या गळ्यावर सांडली. आता मी चमचा हातात धरून थांबतो. तिचा हात वर जाईपर्यंत थांबावे लागते.