दवाखाना सेवाग्रामला, दुपार पवनारला

सेवाग्राम किंवा सावंगीच्या दवाखान्यात आई-बाबांना ‘दाखवायला’ आणणाऱ्या कुटुंबाचा दिवस ठरलेला असतो. पहाटे निघायचं, उपाशीपोटी रक्त द्यायचं, डब्यातली भाकर खाऊन दोन तासांनी पुन्हा द्यायचं. मग रिपोर्टची वाट पाहायची आणि अंधार पडायच्या आत गाव गाठायचं. एवढ्या लांबून येऊन वर्धा जिल्ह्याचं काय दिसतं? नंबर पुकारणारी खिडकी आणि औषधांचं दुकान.

पवनार तिथून फार लांब नाही. धाम नदीच्या काळ्या खडकांकाठचं हे गाव म्हणजे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, असं अनेक अभ्यासक मानतात.

तब्येत बिघडली म्हणून इथे येण्याची वाट खुद्द विनोबांनी पाडली. 1938 साली त्यांचं वजन 88 पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोंवर आलं होतं. गांधीजींनी हवापालटाला थंड हवेच्या ठिकाणी जायला सुचवलं. विनोबांनी निवडला जमनालाल बजाज यांचा धामकाठचा बंगला. तिथे त्यांनी कुदळ हाती घेतली. पहिल्या दिवशी जेमतेम पाच मिनिटं खोदलं, मग वेळ हळूहळू वाढवला. काही महिन्यांत अंगावर मांस चढलं, आणि जमिनीतून जुन्या मूर्तीही निघाल्या. त्यातलं भरत-राम भेटीचं शिल्प तिथल्या विनोबांच्या आश्रमात आजही पाहायला मिळतं. (आजच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘खोदकाम, पाच मिनिटं’ लिहिलं तर घरचे दुसरा डॉक्टर शोधतील, हा भाग वेगळा.)

त्याच धामच्या पात्रात 12 फेब्रुवारी 1948 रोजी गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या. त्या जागी छत्री आहे आणि दरवर्षी त्या दिवशी मेळा भरतो. इतर दिवशी मात्र काठ निवांत असतो. रक्तदाबाच्या आकड्याने धास्तावलेल्या म्हाताऱ्या माणसाला तासभर बसवायला याहून बरी जागा कोणती?

पण बसवायचं तर बसण्याची सोय हवी. सेवाग्राम विकास आराखड्यात धामचा काठही आला. अशा आराखड्यांत कमानी आणि रोषणाई आधी सुचते. गुडघे धरलेल्या आजीला पायऱ्यांशेजारी धरायला कठडा हवा, सावलीत पाठ टेकता येईल असं बाकडं हवं. शुगरच्या माणसाला घडीघडी लागतं ते स्वच्छ स्वच्छतागृह. आणि दवाखान्याच्या फाटकापासून दुपारी निघून रिपोर्टच्या वेळेला परत आणणारी एक लहान एसटी. या यादीत कोट्यवधींचं काही नाही, म्हणूनच कदाचित ती कुणाच्या भाषणात येत नाही.

आर्वीकडच्यांनी परतताना वर्धा नदीपलीकडचं कौंडण्यपूर गाठावं. जिल्हा अमरावती, पण रुक्मिणीचं माहेर म्हटल्यावर हद्द कोण विचारतो? तिथली पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते.

हे सगळं दिवाळीनंतर, फार तर माघापर्यंत. वैशाखातल्या दुपारी खडक तव्यासारखे तापतात. तेव्हा पेशंटला नदीवर नेणारा मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखान्याच्या रांगेत दिसेल.

एक अडचण तरीही उरतेच. वर्ध्याहून जायचं आणि तिथली गोड बिस्किटं, म्हणजे गोरसपाक, न्यायचा नाही, हे नातवंडांना पटत नाही. मग पुडा पिशवीत तळाशी जातो, त्यावर शुगरचा रिपोर्ट, आणि बाबा एसटीत पिशवी स्वतःच्याच मांडीवर ठेवायचा आग्रह धरतात.