तज्ज्ञ बाहेरचा हवा, पण कुणाच्या बाहेरचा?

दर महिन्याला केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरते. केंद्रातल्या शिक्षकांनी एकत्र बसावं, वर्गातल्या अडचणी मांडाव्यात, एकमेकांकडून शिकावं, हा तिचा हेतू. प्रत्यक्षात बहुतेक वेळा काय होतं? तज्ज्ञ मार्गदर्शक येतात, पीपीटी दाखवतात, मग सत्कार, फोटो, हजेरीची लिंक. शिक्षकाचा प्रश्न त्याच्या वहीतच राहतो.

आमचे काही मित्र म्हणतात, मग तज्ज्ञ हवेतच कशाला? शिक्षकांचं शिक्षक बघतील. आम्हाला हे मान्य नाही. एकत्र बसलेले शिक्षक एकत्र शिकतातच असं नाही. ते एकत्र मिळून पूर्वग्रहही पक्का करू शकतात. रबाळ्याच्या कातकरीपाड्यातलं पोर आठ दिवस आलं नाही, नाका कामगाराची मुलगी वाचताना अडली, की वाक्य तयारच असतं: 'त्यांच्या घरी वातावरणच नाही.' सगळे माना डोलावतात. सगळेच आतले, तर हटकणार कोण? बाहेरचा माणूस हवा तो इथे.

पण हटकायला त्याला ती वस्ती ठाऊक पाहिजे ना! जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे नेमकं हेच मांडलं होतं. प्राथमिक शाळांतले शिक्षक बहुतेक ब्राह्मण. शेतकऱ्यांच्या मुलांत मिसळणारे, त्यांच्या गरजा ओळखणारे शिक्षक त्याच वर्गातून तयार करा, अशी त्यांची मागणी होती. आज शिक्षक बदलले, बरेचसे आपल्यातलेही आले. तज्ज्ञांची खुर्ची किती बदलली? आणि बाहेरच्या ज्ञानाला फुले दाम्पत्याचा विरोध नव्हता. सावित्रीमाईंनी अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. शिकायचं कशासाठी, हे मात्र त्यांनी स्वतः ठरवलं होतं.

साताऱ्याच्या कुमठे बीटचं उदाहरण घ्या. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावादी काम उभं केलं. वरून भाषण देऊन निघून जाणाऱ्या त्या नव्हत्या. पुढे 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं, राज्यभरातून शिक्षक कुमठे बघायला गेले, आणि परतल्यावर कितीतरी शाळांनी काय केलं? फरश्या रंगवल्या. रंग नेता आला. शिक्षकांनी मिळून केलेला विचार कसा नेणार? त्याला वेळ लागतो, आणि वेळ द्यायला यंत्रणा तयार नसते.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. परिषदेचा विषय शिक्षकांनी आधी ठरवावा आणि त्या विषयासाठी माणूस बोलवावा. त्याने बोलण्याआधी दोन-तीन दिवस वर्गात मागच्या बाकावर बसावं, एक संध्याकाळ वस्तीत काढावी, आणि महिन्याभराने परत यावं. वस्तीतली शिकलेली पोरगी, खाणीवर काम केलेली आई यांनाही त्याच खुर्चीवर बसवावं. आणि हो, तज्ज्ञाला मानधन मिळतं तसंच त्यांनाही मिळालं पाहिजे. त्या आईची दिवसाची मजुरी बुडते.