पंचनाम्यात न मावणारी पडझड

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जन मिरवणुका आटोपून गावे नुकतीच निद्राधीन झाली असताना, लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील भूमी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावांतून आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर साऱ्या देशातून मदतीचा ओघ सुरू झाला. उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली, भूकंपरोधक घरे उभी राहिली. या साऱ्याचा हिशेब शासनाच्या दप्तरात आहे आणि तो नोंद घेण्याजोगाही आहे. परंतु नव्या, पक्क्या घरात राहायला येऊनही छताखाली झोपण्याचे ज्याला धाडस होत नाही, ट्रक गेल्याने भांडे वाजले तरी जो दचकून अंगणात धावतो, त्या माणसाच्या नुकसानीसाठी पंचनाम्यात रकाना नव्हता. तो रकाना आजही सहसा नसतो.

मनावर झालेल्या आघाताचे स्वरूप समजून घेतल्याखेरीज त्यावरील उपचाराचे महत्त्व कळत नाही. संकटाच्या क्षणी शरीर धोक्याची घंटा वाजवते, हृदयाची गती वाढते, स्नायू ताठरतात. जीव वाचविण्यासाठी ही निसर्गाचीच योजना आहे. काही माणसांच्या बाबतीत मात्र संकट टळून महिने लोटले तरी ही घंटा थांबत नाही. ती घटना आठवणीच्या रूपाने न येता जणू पुन्हा घडू लागते. दुःस्वप्ने पडतात, झोप उडते, चिडचिड वाढते. त्या जागेचे, त्या आवाजाचे, त्या विषयाचे नावही नकोसे होते. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेने या अवस्थेला स्वतंत्र विकाराचा दर्जा दिला. तरीही तिच्याकडे भित्रेपणा, नाटक किंवा बाहेरची बाधा म्हणून पाहणारे आजही कमी नाहीत. आघात सोसलेली बहुसंख्य माणसे आप्तस्वकीयांच्या आधाराने कालांतराने सावरतात, हेही तितकेच खरे. प्रश्न असतो तो जी सावरू शकत नाहीत त्यांचा. आणि समुपदेशनाची खरी गरज त्यांनाच असते.

समुपदेशन या शब्दात ‘उपदेश’ दडलेला असला, तरी प्रत्यक्षात या कार्यात उपदेशाला स्थान नाही. ‘झाले गेले विसरून जा’, ‘मुलांकडे पाहून उभी राहा’ ही वाक्ये सद्हेतूने उच्चारली जातात, पण ऐकणाऱ्याला ती आपले दुःख थांबविण्याची आज्ञा वाटते. कुशल समुपदेशक प्रथम सुरक्षिततेची भावना निर्माण करतो. हा माणूस आपले म्हणणे ऐकेल, हसणार नाही, चार ठिकाणी सांगणार नाही, हा विश्वास बसला की मगच मन उघडू लागते. भीतीच्या जागा टाळल्याने क्षणिक सुटका मिळते, पण त्या टाळण्यानेच भीती पोसली जाते, हे तो समजावून सांगतो. मग पायरीपायरीने, रुग्णाला झेपेल त्याच गतीने, त्या आठवणीकडे पाहण्याचे बळ दिले जाते. छताची धास्ती घेतलेला माणूस आधी दिवसा उंबऱ्यात बसतो, मग दार उघडे ठेवून घरात थोडा वेळ थांबतो, आणि एक दिवस आत अंथरूण घालतो. ‘मी वाचलो आणि माझी माणसे गेली, म्हणजे दोष माझाच’ हे मनात रुतलेले शल्यही अशा संवादातच तपासले जाते. आठवण पुसली जात नाही. ती भूतकाळात आपल्या जागी जाऊन बसते. बरे होणे याचा अर्थ एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

या कामात उतावळेपणा घातक ठरतो. आपत्तीनंतर लगेच प्रत्येकाला एकदाच बसवून, साऱ्या घटनेची उजळणी करायला लावण्याची पद्धत एके काळी रूढ होती. ती उपयुक्त नसल्याचे, प्रसंगी अपायकारकही असल्याचे पुढील संशोधनाने दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेचा भर म्हणूनच पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे यांवर आहे. ज्याला बोलायचे नाही त्याच्या मौनाचाही मान राखायचा असतो. मलब्याशेजारी उभ्या असलेल्या आईसमोर ‘तुम्हाला काय वाटते’ म्हणून कॅमेरा धरणाऱ्यांनी हे भान ठेवलेच पाहिजे.

दुःख वाटून घेण्याची रीत या समाजाला नवीन नाही. दहावा-तेराव्याला जमणारे भाऊबंद, शेजारणींनी चुलीवर ठेवलेला भात, जात्यावर बसून मन मोकळे करणाऱ्या ओव्या यांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसे सावरली. परंतु संपूर्ण गावच गाडले जाते, तेव्हा सांत्वन करणारेही शोकग्रस्तांतच असतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर तोच प्रसंग गुदरला. अशा वेळी बाहेरून आलेल्या प्रशिक्षित माणसाने त्या तुटलेल्या आधाराची जागा काही काळ घ्यायची असते आणि उरलेल्या माणसांना एकमेकांचा आधार होण्यास सिद्ध करायचे असते. पुनर्वसन करताना जुने शेजार शक्यतो एकत्र ठेवणे, पार, मंदिर, शाळा लवकर उभी करणे, हाही मनाच्या उपचाराचाच भाग आहे.

मनुष्यबळ नाही ही सबब पुढे केली जाईल, आणि तीत तथ्य आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही नव्हता. पण वाट सापडलेली आहे. भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील तज्ज्ञांनी तेथील सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच मानसिक उपचारांचे प्रशिक्षण दिले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये आपद्ग्रस्तांच्या मानसिक आधाराविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला आणि घरोघरी जाणाऱ्या आशा कार्यकर्तीकडे खचलेला माणूस ओळखण्याचे काम सोपविले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला. २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे.

कायदा आहे, तत्त्वे आहेत, अनुभव आहे. उणीव आहे ती चिकाटीची. छावण्या उठतात, स्वयंसेवक परततात, आणि नेमक्या त्याच सुमारास, एकाकी रात्रींत, अनेकांचा आघात डोके वर काढतो. पहिला वर्षदिन, पहिला पावसाळा, पहिली दिवाळी हे दिवस जड जातात. म्हणून प्रत्येक पुनर्वसन आराखड्यात निदान दोन-तीन वर्षांच्या समुपदेशनाची स्वतंत्र तरतूद असली पाहिजे. गावातील शिक्षक, आशा कार्यकर्ती, परिचारिका यांना त्यासाठी सिद्ध केले पाहिजे आणि त्यांच्या पाठीशी जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञ उभा असला पाहिजे. स्वयंसेवी संस्थांनीही शिधा आणि पांघरुणांच्या हिशेबाबरोबर, आपला कार्यकर्ता सहा महिन्यांनी त्या उंबऱ्यावर पुन्हा गेला का, याचा हिशेब ठेवावा.

भूकंपरोधक घर बांधण्याचे शास्त्र महाराष्ट्राने किल्लारीत मोठी किंमत मोजून आत्मसात केले. त्या घरात माणसाला निर्धास्त झोप लागेपर्यंत पुनर्वसन पूर्ण झाले असे मानायचे नाही, हा धडा अद्याप गिरवायचा आहे. पुढची आपत्ती सांगून येणार नाही. मन सांधणारे हात मात्र ती येण्यापूर्वीच तयार करता येतात.