एक्स्प्लेनर : लाकडाच्या ऊर्जेतून गावाला नेमके काय मिळते?

ऑस्ट्रियातील ग्युसिंग हे हंगेरीच्या सीमेजवळचे जेमतेम चार हजार वस्तीचे शहर. भोवती जंगल, पण हाताला काम नाही. तेलाचा, विजेचा पैसा बाहेर जायचा. १९९६ मध्ये लाकूड जाळून घरोघरी पाइपने उष्णता पोहोचू लागली. २००१ मध्ये लाकडापासून गॅस करून २ मेगावॉट वीज बनवणारा प्रकल्प आला.

फायदा कोणाला? जंगलमालक, ट्रकचालक, कामगारांना. हक्काची उष्णता मिळते म्हणून लाकडी फरशीचे कारखानेही आले. त्यांचा भुसा पुन्हा इंधन झाला.

मग अडले कुठे? लाकूड महागले, विजेला मिळणाऱ्या वाढीव हमीदराची मुदत संपली. २०१६ मध्ये वीजप्रकल्प बंद पडला. तारेतून वीज कुठूनही येते. उष्णता मात्र गावातच तयार करावी लागते. त्यामुळे ते जाळे टिकले.