निदान समजावणे हाही उपचारच

निदान कागदावर उतरले आणि त्याखाली बापाची सही वा अंगठा उमटला, म्हणजे रोग समजावून झाला, अशी आपल्या आरोग्यव्यवस्थेची समजूत दिसते. मुलांच्या कर्करोगाच्या बाबतीत ही समजूत जिवावर बेतू शकते.

मावळातील परंदवडीसारख्या गावातून आजारी मूल घेऊन एखादे कुटुंब घाट उतरून परळला जाते. तेथे १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे; औषधोपचारही आहेत. पण मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियाचीच गोष्ट घ्या. पहिल्या महिनाभराच्या औषधांनी रोग पुष्कळदा दिसेनासा होतो, मूल हसू-खेळू लागते. उपचार मात्र दोन-तीन वर्षे चालू ठेवावे लागतात. कारण न दिसणाऱ्या रोगपेशी शरीरात दडून असतात. एवढेच ज्याला उमगले नाही, तो बाप पोर बरे झाले असे मानून भातलावणीला परततो. त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः त्याला कोणी नीट सांगितलेलेच नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संपन्न देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले या रोगातून बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. उशिरा निदान व औषधांचा तुटवडा यांच्याबरोबरच अर्धवट सोडलेला उपचार हेही त्याचे कारण आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांतून शासन खर्चाचा भार उचलते. परंतु मध्येच सुटलेल्या उपचारावरील पैसा वाया जातो, आणि मूलही हातचे जाते. निव्वळ हिशेबानेही समजावण्याचा एक तास महाग नाही.

मुलाला सांगणे क्रूरपणाचे, असा आक्षेप घेतला जाईल. पण केस गळताना ते पाहते, मोठ्यांची कुजबुज ऐकते आणि आपल्याच खोडीची ही शिक्षा, असे मनाशी ठरवते. वयाला पेलेल एवढे सत्य त्याहून दयाळू असते.

म्हणून निदानानंतर सवडीने दोन बैठका व्हाव्यात. आजीलाही कळेल अशा मराठीत. हा रोग संसर्गजन्य नाही, आईबापांच्या चुकीने झालेला नाही, आणि औषध केव्हा थांबवायचे ते डॉक्टरच सांगतील, हे लेखी हाती द्यावे. त्यासाठी पगारी समाजसेवक नेमावेत. सही घेणे म्हणजे संमती नव्हे. समजून दिलेला होकार हीच संमती.