पहिला टाका गोधडीचाच हवा

शिवणकाम शिकायचे तर आधी यंत्र हवे, नेमकी मापे हवीत, हा समज अलिबाग-मुरुड-श्रीवर्धनच्या किनारपट्टीवर तरी टिकू नये. गोधडीइतका नवशिक्याच्या चुका पोटात घालणारा दुसरा धडा नाही. जुन्या सुती लुगड्याच्या दोन-तीन घड्या, वर हाताशी असतील ते तुकडे आणि कडेपासून आत येत जाणारा साधा धावदोरा, एवढ्यावर ती तयार होते. तुकडे खालच्या कापडावरच टाचायचे असल्याने कोपरे जुळवण्याची कटकट नाही. टाका वाकडा गेला तर उसवता येतो. बंगालचा कांथाही मुळात याच धावदोऱ्यावर उभा आहे.

बाजारात स्वस्त ब्लँकेट मिळत असताना बोटे का टोचून घ्यायची, हा आक्षेप रास्त आहे. वेळेचा हिशेब मांडला तर गोधडी हरेलही. पण कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट इथल्या दमट हवेत घाम टिपत नाही. वापरून मऊ झालेले सुती कापड टिपते. पावसाळ्यात जाड गोधडी लवकर वाळत नाही, हेही खरे. त्यावर उपाय थर कमी ठेवण्याचा, गोधडी सोडण्याचा नव्हे. म्हणूनच शाळेत कार्यानुभवाच्या तासाला रुमालावरच्या नक्षीआधी मुलामुलींच्या हाती हातभर गोधडी द्यावी.